संगणकाला मन नाही, मग ‘मनातला आकडा’ तो आणतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे : संगणक सांगितलेलंच करतो आणि एकाच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देतो. मग फाशाचा खेळ, ओटीपी, पासवर्ड यांसाठी लागणारा रँडम आकडा तो कुठून आणतो? तो खराखुरा रँडम असतो का? आणि विचारणारे स्वतः एक खेळ लिहीत आहेत, त्यात त्यांनी काय वापरावं?

वीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या फटी शोधतोय, आणि त्यातला बराच काळ या एकाच प्रश्नाभोवती गेला. म्हणून उत्तर आधी सांगून टाकतो. बहुतेक वेळा संगणक तो आकडा चक्क गणित करून काढतो. म्हणजे तो रँडम नसतो, आणि तरी पुष्कळ ठिकाणी चालून जातो. कारण ‘हा आकडा रँडम आहे का’ हा प्रश्नच अर्धा आहे. ‘कोणासाठी रँडम?’ असं विचारल्यावर तो पुरा होतो. शकुनीचे फासे आठवा. पट तोच, दान तेच. युधिष्ठिरासाठी ते नशीब होतं, शकुनीसाठी नव्हतं.

गणिताने रँडम आकडे काढायची कल्पना गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांची. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत न्यूट्रॉनच्या वाटचालीचे हिशेब चालले होते. एक न्यूट्रॉन कुठे धडकेल, कुठे वळेल हे प्रत्येक वेळी फासा टाकून ठरवायचं, असे हजारो न्यूट्रॉन ‘खेळवायचे’ आणि सरासरी काढायची, ही माँटे कार्लो पद्धत. तिला आकडे भरमसाट लागतात. त्याआधी लोक छापील तक्ते वापरत. संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९२७ मध्ये जनगणनेच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचा तक्ता छापला होता. पुढे १९५५ मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेने दहा लाख अंकांचं पुस्तकच काढलं. ते अंक एका इलेक्ट्रॉनिक रूलेटमधून आले होते आणि गंमत अशी की त्या यंत्राचाही कल निघाला. दुरुस्त्या करूनही तो पुरता जाईना, तेव्हा अंक एकमेकांत मिळवून, हातचा सोडून देऊन तो झाकावा लागला. ‘निव्वळ योगायोग’ कारखान्यात बनवणं किती कठीण आहे याचा हा पहिला मोठा धडा.

फॉन नॉयमन यांची युक्ती साधी होती. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, मधले चार अंक उचला, तीच पुढची संख्या. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. दिसायला छान रँडम. आता कॅल्क्युलेटर काढा आणि ३७९२ चा वर्ग करून बघा. १४३७९२६४ येतं, आणि मधले चार अंक? पुन्हा ३७९२. गाडी तिथेच रुतते. फॉन नॉयमन यांना हे माहीत होतं. अंकगणिताने रँडम आकडे काढणारा माणूस पाप करतोय, असं त्यांनी स्वतःच मिश्कीलपणे लिहून ठेवलंय.

रुतणं टाळता येतं, गोल फिरणं टाळता येत नाही. यंत्राच्या पोटात मावणाऱ्या स्थिती मोजक्या, म्हणजे कधीतरी जुनी स्थिती परत येणार आणि तिथून सगळं पुन्हा तसंच्या तसं. म्हणून पुढच्या लोकांनी वर्तुळ मोठं केलं. १९९७ च्या सुमारास मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी केलेला मर्सेन ट्विस्टर हा जनरेटर (म्हणजे असे आकडे काढणारा प्रोग्रॅम) २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतक्या आकड्यांनंतर परत फिरतो. ही लांबी लिहायलाच ६,००२ अंक लागतात.

पण वर्तुळ मोठं असणं पुरेसं नसतं. १९६०च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर ‘रँडू’ नावाचा जनरेटर सर्रास वापरात होता. मागच्या आकड्याला ६५,५३९ ने गुणायचं आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी ठेवायची. एकेक आकडा बघा, ठीक. दोन-दोनच्या जोड्या बघा, तरी ठीक. तीन-तीनचे गट करून घनात बिंदू मांडले, की सगळेच्या सगळे बिंदू जेमतेम १५ सपाट पापुद्र्यांवर बसलेले दिसतात. कारण ६५,५३९ म्हणजे २ चा १६ वा घात अधिक ३, आणि त्यामुळे प्रत्येक आकडा हा मागच्याची सहापट वजा त्याच्याही मागच्याची नऊपट निघतो. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये दाखवलं की या जातीच्या सगळ्याच जनरेटरांत असे पापुद्रे असतात, रँडूत ते फारच विरळ होते इतकंच. तोवर त्यावर कितीतरी वैज्ञानिक हिशेब उरकले होते.

१९९२ मध्ये फेरनबर्ग, लांडाऊ आणि वाँग यांनी याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. तेव्हा चांगले मानले जाणारे जनरेटर घेऊन त्यांनी चुंबकत्वाचं आयसिंग मॉडेल चालवलं. द्विमितीय आयसिंग मॉडेलचं अचूक उत्तर कागदावर सोडवलेलं आहे, म्हणून ते ताडून बघता आलं. उत्तर चुकत होतं, आणि ‘चांगल्या’ जनरेटरने साध्या जनरेटरपेक्षा जास्त चुकत होतं. जिथे अचूक उत्तर आधी ठाऊक नसतं, तिथे हे कोण पकडणार?

तरी निसर्गाचं एक बरं असतं, तो मुद्दाम तुमच्या जनरेटरची खोड शोधायला बसत नाही. चोर बसतो. मर्सेन ट्विस्टरचे लागोपाठचे ६२४ आकडे हाती आले की त्याची आतली पूर्ण स्थिती मांडता येते, आणि पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो. ६,००२ अंकी वर्तुळाचा इथे काहीच उपयोग नाही. भौतिकशास्त्रज्ञासाठी रँडम, चोरासाठी पाढे.

शिवाय बहुतेक चोर तेवढीही मेहनत घेत नाहीत, ते थेट सीड धरतात. सीड म्हणजे गणिताची सुरुवात जिथून होते तो पहिला आकडा. पेराल तसं उगवेल, ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे. पत्त्यांचा जोड पिसायचे प्रकार ५२ चा फॅक्टोरियल (५२ × ५१ × ५० … × १) इतके, म्हणजे ६८ अंकी संख्या. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या प्रणालीत सीड म्हणून मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद घेतले होते. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. सुरक्षातज्ज्ञांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं, शक्यता दोनेक लाखांवर आणल्या, आणि समोर आलेल्या पाच पत्त्यांवरून सगळ्यांच्या हातातले पत्ते सांगितले. पिसणारा कोड त्या कंपनीने विश्वास बसावा म्हणून स्वतःच जाहीर केला होता.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग याच जातीचा. एका प्रणालीत ‘पासवर्ड विसरलात?’वर दाबलं की मेलमध्ये लांबलचक दुवा यायचा, त्यात ३२ अक्षरांचं टोकन. बघून छाती दडपावी. मी दोन चाचणी खाती उघडली, दोन्हींसाठी एकाच सेकंदाला दुवा मागवला, आणि दोन्ही मेलमध्ये टोकन एकच आलं. सीड होतं सेकंदातली वेळ. कोड लिहिणारा मुलगा हुशार होता. तो म्हणाला, ‘सर, पण सगळ्या स्टॅटिस्टिकल टेस्ट पास झाल्यात.’ झाल्याच होत्या, त्यात त्याचं काही खोटं नव्हतं.

याचा मोठा अवतार डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये घडला. २००६ मध्ये एका तपासणी साधनाच्या तक्रारीवरून ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरच्या कोडमधली ‘निरुपयोगी’ वाटणारी ओळ काढली गेली. तीच ओळ सीडमध्ये अनिश्चितता ओतत होती. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळणारा क्रमांक, आणि त्याच्या ३२,७६८ शक्यता. मे २००८ पर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, जगभर त्यावर गुप्त किल्ल्या बनत राहिल्या आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात येणार कसं? प्रत्येक किल्ली एकेकटी पाहिली तर निर्दोष होती.

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे. आकड्यांची ओळ नुसती पाहून ती रँडम आहे हे कळू शकतं का?

नाणं वीस वेळा उडवलं आणि वीसही वेळा छापा पडला तर आपल्याला संशय येतो. पण छापा-काट्याची कुठलीही ठरावीक वीसची ओळ घेतली तरी तिची शक्यता तितकीच असते. मग संशय कशाचा? १९६०च्या दशकात सोलोमोनॉफ, कोल्मोगोरोव्ह आणि चैटिन या तिघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर गाठलं. ओळ छापणारा सर्वांत छोटा प्रोग्रॅम ओळीपेक्षा बराच छोटा असेल, तर ती रँडम नाही. ‘वीस वेळा छापा’ हे तीन शब्दांत सांगून होतं. गबाळी ओळ अख्खी वाचूनच दाखवावी लागते. या व्याख्येनुसार पायचे अंक मुळीच रँडम नाहीत, कारण छोटासा प्रोग्रॅम ते हवे तितके काढून देतो. आणि तरी संख्याशास्त्राच्या नेहमीच्या चाचण्या पाय आरामात पार करतो. (त्यात दशांश चिन्हानंतर ७६२ व्या जागेपासून सलग सहा ९ येतात. बोलाफुलाला गाठ, दुसरं काही नाही.)

आता खरी मेख. मोजून दाखवता येतं की बहुतेक सगळ्या ओळी रँडमच असतात : दहापेक्षा जास्त बिट्सनी (बिट म्हणजे एक ० किंवा १) आखडता येतील अशा ओळी हजारात एकसुद्धा नसतात. पण त्यातली एखादी लांब ओळ दाखवून ‘ही रँडम आहे’ हे सिद्ध करा म्हटलं, तर ते जमत नाही. चैटिन यांचा युक्तिवाद असा. समजा, सिद्ध करण्याची पद्धत आहे. मग मी एक प्रोग्रॅम लिहितो : सगळ्या शक्य सिद्धता क्रमाने तपास, आणि ‘या ओळीसाठी दहा लाख बिट्सपेक्षा छोटा प्रोग्रॅम नाही’ असं जिच्याबद्दल सिद्ध झालंय ती पहिली ओळ छाप. सिद्धतेचे नियम धरूनही माझा हा प्रोग्रॅम दहा लाख बिट्सपेक्षा कितीतरी छोटा आहे. आणि त्याने ती ओळ छापली! म्हणजे जे सिद्ध झालं तेच खोटं पडलं. तेव्हा नियम सुसंगत असतील तर अशी सिद्धता सापडूच शकत नाही. गवताच्या गंजीत बहुतेक सगळ्या सुयाच आहेत, पण एकीवरही बोट ठेवून ‘ही सुई’ असं शपथेवर सांगता येत नाही.

मी काम करतो त्या क्षेत्रात याचा अर्थ अगदी रोकडा आहे. चाचणी पास झाली म्हणजे त्या चाचणीला खोड सापडली नाही, इतकंच. कोणाला तरी ती ठाऊक असू शकते.

आणि होतीच, असं मानायला जागा असलेलं प्रकरण आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने एक जनरेटर मानकात घातला, ड्युअल ईसी. त्यात दोन ठरावीक बिंदू दिले होते. ते कसे निवडले हे सांगितलं नव्हतं. २००७ मध्ये शुमॉव आणि फर्ग्युसन यांनी दाखवलं की त्या दोन बिंदूंमधलं गुपित नातं ज्याला माहीत असेल, तो थोडेसे आकडे बघून पुढचे सगळे सांगू शकेल. नातं कोणाला माहीत आहे हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. २०१३ मध्ये स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर एनएसए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेवरचा संशय बळावला आणि २०१४ मध्ये निस्टने तो जनरेटर मागे घेतला. शकुनीच्या फाशांची याहून नेमकी आधुनिक आवृत्ती माझ्या पाहण्यात नाही.

मग गणित सोडून निसर्गाकडे जावं? नाणं उडवावं? पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला की हाताने उडवलेलं नाणं सुरुवातीला जी बाजू वर होती त्याच बाजूवर किंचित जास्त वेळा पडायला हवं, सुमारे ५१ टक्के. २०२३ मध्ये काही चिकाटीच्या संशोधकांनी ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून नोंदी केल्या, आलं ५०.८ टक्के. नाण्याला न्यूटनचे नियम लागू आहेत. आपल्याला हाताचा जोर आणि फिरकी मोजता येत नाही म्हणून ते आपल्यासाठी रँडम. लाप्लास यांनी १८१४ मध्ये कल्पिलेल्या सर्वज्ञ बुद्धीला ते पाठच असेल.

कललेलं नाणं सरळ करायची युक्तीही फॉन नॉयमन यांचीच, आणि ती मला आजही लाडकी आहे. नाणं दोनदा उडवा. छापा-काटा आलं तर ‘०’, काटा-छापा आलं तर ‘१’, दोन्ही सारखे आले तर फेकून द्या. नाणं कितीही कललेलं असो, या दोन क्रमांची शक्यता सारखीच असते. अट एकच, एका उडवण्याचा दुसऱ्यावर परिणाम नको.

संगणक प्रत्यक्षात असाच वागतो. ऑपरेटिंग सिस्टीम कळफलकाच्या दाबांमधलं अंतर, डिस्कच्या वेळा, चिपमधला औष्णिक गोंगाट अशा चिंध्या गोळा करते, त्या घुसळून एक सीड बनवते आणि पुढे गणितच चालवते. मात्र हे गणित असं निवडलेलं असतं की मागचे आकडे बघून पुढचा ओळखायला अवाढव्य कष्ट पडावेत. (असं गणित खरोखर अस्तित्वात आहे हे कोणी सिद्ध केलेलं नाही. सगळं ऑनलाइन बँकिंग त्या विश्वासावर उभं आहे.) क्लाउडफ्लेअर ही कंपनी तर लाव्हा दिव्यांच्या भिंतीवर कॅमेरा रोखून त्या चित्रातून सीड काढते. त्यात थोडी हौस आहे, पण तत्त्व पक्कं आहे.

चिंध्या नसल्या की काय होतं, हे २०१२ मध्ये कळलं. नुकतंच सुरू झालेलं राउटरसारखं छोटं उपकरण, ना कळफलक ना डिस्क, आणि त्याला लगेच आरएसए किल्ली, म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराची किल्ली, बनवायची घाई. अशा हजारो उपकरणांनी वेगवेगळ्या किल्ल्यांत त्याच त्या मूळ संख्या पुन्हा वापरल्या. दोन मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं महाकठीण, पण त्यांच्यात सामाईक अवयव असेल तर तो मसाविने चुटकीसरशी निघतो. शाळेतला मसावि, युक्लिडचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या किल्ल्या गोळा करून तो काढला आणि खासगी किल्ल्या त्यांच्या हातात आल्या.

आता उरतो तो प्रश्न : कोणासाठीच ठरलेलं नसलेलं, लाप्लासच्या बुद्धीलाही न कळणारं असं काही जगात आहे का? क्वांटम सिद्धांत म्हणतो, आहे. आइनस्टाइनना ते पटत नव्हतं. आत कुठेतरी उत्तर आधीच लिहिलेलं असणार, असा त्यांचा कल. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाच्या टेबलावर आणला. दूर नेलेल्या दोन कणांची उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नसतील, तर त्यांच्या मापनांमधला मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. तो जातो. २०१५ मध्ये मोठ्या पळवाटा बंद करून हे पुन्हा दाखवलं गेलं, आणि २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर, झायलिंगर यांना याच मालिकेतल्या कामासाठी मिळालं.

यातून एक अद्भुत गोष्ट निघते : मर्यादा मोडली गेली याचाच अर्थ उत्तरं आधी कोणाकडे नव्हती. यंत्र कोणी बनवलं याच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. २०१० मध्ये अशा प्रकारे प्रमाणित झालेले रँडम बिट्स मिळाले, किती? ४२. त्यासाठी सुमारे महिनाभर प्रयोग चालला. २०१८ मध्ये निस्टच्या प्रयोगात १,०२४ मिळाले. (होय, ड्युअल ईसीवालीच निस्ट. संस्था मोठ्या असतात.)

मात्र इथेही एक गाठ आहे. प्रयोगात प्रत्येक वेळी कुठलं मापन करायचं हे रँडम निवडावं लागतं. म्हणजे रँडमपणा काढायला आधी थोडा रँडमपणा हवा. पेरल्याशिवाय इथेही उगवत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका जागतिक प्रयोगात ही निवड माणसांवर सोपवली. सुमारे एक लाख लोकांनी ० आणि १ ची बटणं दाबून ९ कोटी ७० लाखांहून जास्त निवडी पुरवल्या. पण ‘सगळं विश्व, ती बटणं दाबणारी बोटं धरून, सुरुवातीलाच ठरलेलं होतं’ असं कोणी म्हटलं, तर त्याला प्रयोगाने गप्प करता येत नाही. माझं मत विचाराल तर मी त्या वाटेला जात नाही, कारण त्या वाटेवर कुठल्याच प्रयोगाला अर्थ उरत नाही.

आता तुमचा खेळ. फाशासाठी भाषेतला साधा जनरेटर चालेल, जोवर पैसे किंवा बक्षीस लागलेलं नाही. लागलेलं असेल, किंवा टोकन-पासवर्डचा संबंध असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमचाच जनरेटर घ्या : पायथॉनमध्ये ‘रँडम’ऐवजी ‘सीक्रेट्स’, जावात ‘रँडम’ऐवजी ‘सिक्युअररँडम’. वेळेचं सीड देऊ नका. स्वतःचं मिश्रण घडवू नका, मीही घडवत नाही. चाचणीसाठी मात्र सीड मुद्दाम ठरावीक ठेवा आणि नोंदवून ठेवा, म्हणजे सापडलेला बग उद्या पुन्हा तसाच घडवता येईल. तिथे गणिती जनरेटरचा दोष हाच गुण ठरतो.

आणि एक तयारी ठेवा. फासा कितीही निर्दोष असला तरी खेळणारे तक्रार करणारच, कारण माणसाला खरा रँडमपणा रँडम वाटत नाही. शंभर वेळा नाणं उडवलं तर सलग सहा किंवा जास्त वेळा तीच बाजू पडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते, पण मनाने शंभरची ओळ लिहायला सांगा, बहुतेक जण इतकं लांब सलग दान लिहायला धजत नाहीत. तुमच्या फाशावर कुठल्याही लागोपाठच्या तीन दानांत तोच आकडा पडण्याची शक्यता ३६ मध्ये १. दिवसाला हजार दानं पडली, तर असं सत्तावीस-अठ्ठावीस वेळा होईल, आणि मेल बहुधा त्याच लोकांचे येतील. प्रत्येक दानाची नोंद ठेवा, दाखवायला कामी येते.